लिंक सस्पेन्शन मोकळं करताना: एक्सलचं आर्टिक्युलेशन वाढवण्याचा योग्य क्रम

एक्सलचं आर्टिक्युलेशन, म्हणजे त्याचं एक टोक वर आणि दुसरं खाली जाण्याची मोकळीक, वाढवायच्या कामाची सुरुवात बहुतेक जण लांब शॉकअप विकत घेऊन करतात. गाडी ५०-७५ मिमी वर उचलली जाते, नवे शॉकअप बसतात, आणि पहिल्याच आडव्या चरात चाक पूर्वीइतकंच हवेत लटकतं. कारण एक्सलला शॉकअपने अडवलेलंच नव्हतं. अडवत होता अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून वळणावर गाडीचा कल कमी करणारा दांडा), किंवा रेडियस आर्मचे (एक्सलला चासीशी धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, किंवा कडक ताणला गेलेला ब्रेकचा होज. मग एकेक भाग बदलत जायचं, पैसे जात राहतात, आणि शेवटी शॉकअप चुकीच्या मापाचे निघतात ते वेगळंच.

क्रम असा हवा: आधी अडथळा शोधा, मग लिंक (एक्सलला चासीशी जोडणारे दांडे) ठरवा, मग स्प्रिंग-शॉकअपशिवाय नुसता एक्सल हलवून बघा, मग बंप स्टॉप (वर जाणाऱ्या एक्सलला थांबवणारं रबर), त्यानंतर शॉकअप आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग. शॉकअपचं माप एक्सलच्या हालचालीवरून निघतं. ते आधी ठरवता येत नाही.

लेख अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंग आणि लिंक असलेल्या गाड्यांसाठी आहे. जिम्नी, रँग्लर, जुनी डिफेंडर, लँड क्रूझर ८० ही त्यातली ओळखीची नावं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला किंवा स्वतंत्र सस्पेन्शनला यातलं बरंचसं लागू पडत नाही. आणि काम सुरू करण्याआधी तुमच्या भागात असा बदल कायदेशीर आहे का, विम्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे विचारून घ्या. वेल्डिंग झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

## टप्पा १: एक्सलला नक्की काय अडवतंय ते शोधा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच येतात.

सपाट जागेवर, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत नेहमीचं इंधन आणि गाडीत नेहमीचं सामान ठेवून ही मापं वहीत लिहा:

- चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर
- शॉकअपच्या दोन डोळ्यांमधलं अंतर
- बंप स्टॉप आणि एक्सलवरची त्याची बैठक यांच्यातली फट
- स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतलं अंतर
- पिनियनचा (एक्सलमधल्या, शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचा) आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन, आणि पुढच्या एक्सलला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन)

मग रॅम्पचं माप. २० अंशांच्या उतारावर एक पुढचं चाक चढवत न्यायचं आणि दुसरं एखादं चाक जमीन सोडू लागलं की थांबायचं. रॅम्पवर चाक जितकं अंतर चढलं त्याला व्हीलबेसने भागून १००० ने गुणायचं. समजा व्हीलबेस २४०० मिमी आहे आणि चाक १३०० मिमी चढलं. आकडा ५४२ येतो, आणि चाक जमिनीपासून सुमारे ४४५ मिमी वर असतं. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करायला हा आकडा फारसा कामाचा नाही, पण तुमच्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा आकडा मात्र खरं सांगतो.

सावधान: रॅम्पवर तिरप्या उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका. चाकांना ओट (पाचर) लावा, इंजिन बंद करा आणि बाहेरूनच टॉर्चने बघा.

अडथळा शोधायचं काम मात्र घोड्यांवर (जॅक स्टँडवर) होतं. चासी चार भक्कम घोड्यांवर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. एक्सलच्या एका टोकाखाली जॅक लावून ते टोक हळूहळू वर घ्या. चासी घोडीवरून सुटायला लागतेय असं वाटलं की तिथेच थांबा आणि दुसऱ्या बाजूचं चाक किती खाली गेलं ते मोजा. आता अँटी-रोल बारच्या लिंका सोडा आणि तेच माप पुन्हा घ्या. नंतर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून पुन्हा. शॉकअप सुटला की स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते, म्हणून तिला आधी मजबूत दोरीने चासीला बांधून ठेवा, आणि बोल्ट काढताना एक्सल जॅकवर टेकलेला असू द्या, नाहीतर तो सगळ्या वजनासकट होजवर लटकेल.

ज्या पायरीवर माप एकदम उडी घेतं, तो तुमचा पहिला अडथळा. अनेक गाड्यांत ही उडी अँटी-रोल बार सोडल्यावरच दिसते. तुमच्या गाडीत तसं झालं, तर ऑफ-रोडसाठी सोडता येणाऱ्या लिंका बसवा आणि गाडी काही दिवस तशीच चालवून बघा. पुढचं सगळं काम कदाचित लागणारही नाही. बार कायमचा काढून टाकू नका. वेगात अचानक वळण घ्यावं लागलं तर त्याची किंमत कळते.

## टप्पा २: मांडणी ठरवा

रेडियस आर्मवाल्या गाडीत प्रत्येक आर्म एक्सलला दोन बुशांनी पकडतो, एक एक्सलच्या पुढे आणि एक मागे. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की डावा आर्म एक्सलला एका दिशेने पिळतो, उजवा दुसऱ्या. एक्सलची नळी तर पिळली जात नाही. म्हणजे सगळी हालचाल त्या चार रबरी बुशांच्या दबण्यातून निघते, आणि पूर्ण एक्सल जाड अँटी-रोल बारसारखा वागायला लागतो. डिफेंडर आणि लँड क्रूझर ८० चा पुढचा एक्सल असा आहे. जिम्नीत दोन्ही एक्सलांना हीच पद्धत आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'मजबूत' म्हणून पॉलियुरेथेनचे बुश टाकणं. स्टिअरिंग घट्ट वाटतं, पण आर्टिक्युलेशन कमी होतं, कारण जे दबायला हवं होतं तेच कडक केलं. रेडियस आर्म ठेवायचे असतील तर एक्सलच्या बाजूला चांगल्या प्रतीचे रबरी बुशच ठेवा.

यातून बाहेर पडायचे मार्ग तीन:

तीन लिंक आणि पॅनहार्ड रॉड. दोन खालच्या लिंका, एक वरची, आणि एक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड, म्हणजे चासी आणि एक्सल जोडणारा आडवा दांडा. पुढच्या एक्सलसाठी मला हाच मार्ग पटतो. इंजिनखालच्या अडचणीत दुसरी वरची लिंक बसवायला जागाच नसते, आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) पॅनहार्डला समांतर ठेवता येते. मात्र ब्रेकचा सगळा पीळ त्या एका वरच्या लिंकवर येतो. तिचे ब्रॅकेट आणि बोल्ट कंजूषपणे करू नका.

चार लिंक आणि पॅनहार्ड. रँग्लरमध्ये कारखान्यातूनच असतं. इथे बहुधा नवी भूमिती करावीच लागत नाही. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंका आणि वळणारे जॉइंट पुरतात.

त्रिकोणी चार लिंक. वरच्या किंवा खालच्या लिंका, किंवा दोन्ही, वरून पाहिल्यावर एकमेकींकडे झुकलेल्या. पॅनहार्डची गरज उरत नाही, एक्सल सरळ वर-खाली जातो. मागच्या एक्सलला उत्तम. पण झुकाव पुरेसा हवा. दोन लिंकांमधला एकूण कोन ४० अंशांच्या खाली गेला की एक्सल बाजूला हलायला लागतो आणि गाडी मागून शेपूट हलवल्यासारखी चालते.

पुढचा आणि मागचा एक्सल यांचा तोलही इथेच ठरवा. मागचा अगदी ढिला आणि पुढचा ताठ असेल, तर बॉडी पुढच्या एक्सलच्या मागे जाते आणि प्रत्येक दगडावर तितकीच कलते. आत बसलेल्याला गाडी उलटतेय असं वाटतं, आणि कधी ती उलटतेही. एकाच एक्सलवर काम करायचं असेल तर दोघांतल्या ताठ एक्सलवर करा.

## टप्पा ३: भूमिती कागदावर उतरवा

चासी पातळीत आणा. फरशीवर ओळंबा सोडून प्रत्येक माउंटचा बिंदू खडूने खाली उतरवा आणि उंच्या वेगळ्या लिहा. फरशीवरच्या या नकाशावर लिंकांची लांबी आणि कोन फार चटकन दिसतात. संगणकावर आकडे टाकायचे असतील तरी ते याच खुणांवरून घ्या.

सुरुवातीला हाताशी ठेवायचे ठोकताळे:

- एक्सलवर वरच्या आणि खालच्या लिंकांच्या उंचीतलं अंतर टायरच्या व्यासाच्या साधारण चौथ्या भागाइतकं. ८०० मिमीच्या टायरला सुमारे २०० मिमी. यापेक्षा बरंच कमी ठेवलं तर लिंकांवरचा जोर वाढतो आणि पिनियन उसळतं.
- चासीच्या बाजूला हेच अंतर एक्सलकडच्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास.
- वरची लिंक खालच्या लिंकेच्या ७० ते ७५ टक्के लांबीची.
- खालच्या लिंका गाडी उभी असताना शक्य तितक्या आडव्या. चासीकडे फार चढत्या असतील तर दगडावर चढताना एक्सल गाडीखाली ढकलला जातो.

मागच्या एक्सलसाठी अँटी-स्क्वॉट काढा, म्हणजे जोर लागल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसण्याला लिंका किती विरोध करतात त्याचं माप. बाजूने पाहिल्यावर वरच्या आणि खालच्या लिंकांच्या रेषा वाढवून त्या जिथे मिळतात तो बिंदू घ्या. मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून या बिंदूतून रेषा पुढच्या एक्सलच्या वरपर्यंत न्या. तिथली उंची भागिले गुरुत्वमध्याची उंची, गुणिले १००. गुरुत्वमध्य नेमका माहीत नसला तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सर्वांत वरच्या बोल्टची पातळी धरून चालतात. आकडा १०० च्या बराच वर गेला की चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि चाकं उड्या मारतात. हळू, दगडी रस्त्यासाठी ६० ते १०० च्या दरम्यान सुरुवात करा. चासीच्या ब्रॅकेटला वरच्या लिंकेसाठी दोन-तीन भोकं ठेवली तर हा आकडा नंतर बदलता येतो.

पॅनहार्डकडे इथेच लक्ष द्या. तो जितका लांब आणि जितका आडवा, तितका एक्सल कमी सरकतो. ९०० मिमीचा रॉड आडवा असताना एक्सल १०० मिमी खाली गेला तर बाजूला सरकणं साडेपाच मिमीच्या आसपास. तोच रॉड गाडी उचलल्यामुळे आधीच १०० मिमी तिरपा असेल, तर पुढच्या १०० मिमीत एक्सल जवळजवळ १७ मिमी सरकतो. म्हणून गाडी उचलली की पॅनहार्डचं एक्सलकडचं ब्रॅकेटही वर घ्यावं लागतं, आणि पुढे असेल तर ड्रॅग लिंकही त्याच कोनात आणावी लागते. फक्त पॅनहार्ड वर घेतला आणि ड्रॅग लिंक तशीच ठेवली, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळेल.

तपासा: ८०० मिमीच्या रेडियस आर्मवर गाडी ७५ मिमी उचलली की एक्सल सुमारे साडेपाच अंश फिरतो, आणि तितकाच कॅस्टर जातो. गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते ती यामुळे. हा हिशोब आधी करा. आणि लक्षात ठेवा, कॅस्टर परत आणायला एक्सल उलटा फिरवला की पुढचं पिनियन खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. दोन्हीच्या मधलं माप निवडावं लागतं.

## टप्पा ४: लिंका आणि जॉइंट

एक्सल तिरपा होतो तेव्हा लिंक नुसती वर-खाली होत नाही, ती स्वतःच्या लांबीभोवती पिळलीही जाते. दोन्ही टोकांना साधे बुश असतील तर हा पीळ रबरालाच सोसावा लागतो. एका टोकाला गोलाकार, सगळ्या दिशांना वळणारा जॉइंट आणि दुसऱ्या टोकाला रबरी बुश ठेवला की पीळ सुटतो आणि रस्त्याचा खडखडाटही कमी येतो. दोन्ही टोकांना उघडे रॉड-एंड सर्वांत मोकळे, पण धुळीत आणि चिखलात लवकर खुळखुळे होतात. रोज चालणाऱ्या गाडीला मी ते सुचवत नाही.

खालच्या लिंका दगडावर आपटणार हे धरूनच करा. ५० मिमी बाहेरचा व्यास आणि ६ मिमी जाडीची बिनजोड पोलादी नळी मध्यम वजनाच्या गाडीला साधारण पुरते. पाण्याच्या पाइपची नळी इथे चालत नाही. जॉइंटचे आटे नळीत बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेले असावेत, आणि समायोजन संपल्यावरही तितके राहावेत. चेकनट सुटला की आटे झिजतात, आणि हे बाहेरून दिसत नाही.

बोल्ट १०.९ ग्रेडचे, ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी पकडणारं, आणि बोल्टचा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या पत्र्यातून जाणारा. आटे पत्र्यावर टेकले तर भोक अंडाकृती व्हायला वेळ लागत नाही.

## टप्पा ५: टॅक मारा आणि नुसता एक्सल हलवून बघा

सगळ्या कामाचा गाभा हा टप्पा आहे. याला पूर्ण दिवस द्या.

१. चासी पातळीत, घोड्यांवर, गाडी उभी असतानाच्या उंचीवर ठेवा. स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बार काढलेले. ब्रेकचे होज, एबीएसच्या तारा आणि ब्रीदरची (एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी सोडून बाजूला बांधा. प्रोपेलर शाफ्ट आणि पॅनहार्ड लावलेले.

२. ब्रॅकेट फक्त टॅकवर (तात्पुरत्या, ठिपक्याएवढ्या वेल्डवर). प्रत्येक ब्रॅकेटला चार भक्कम टॅक, त्याहून जास्त नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि अर्थिंग कामाच्या अगदी जवळ घ्या.

३. प्रत्यक्ष बसणारी चाकं आणि टायर लावा. जुन्या छोट्या टायरवर केलेली तपासणी फुकट जाते.

४. एक्सलच्या दोन टोकांना दोन जॅक. आधी दोन्ही टोकं एकत्र पूर्ण वर, मग पूर्ण खाली. नंतर डावं वर आणि उजवं खाली, मग उलट. प्रत्येक स्थितीत पुढच्या एक्सलला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा.

५. प्रत्येक स्थितीत प्रोपेलर शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) कुठे अडकतो का, योक (त्याला धरणारा काटा) घासतो का, ते बोटांना लगेच कळतं. स्लाइडिंग भागावर खडूची खूण करा आणि सर्वांत लांब व सर्वांत आखूड स्थिती नोंदवा. सर्वांत लांब स्थिती नेहमी पूर्ण खाली असतानाच येईल असं नाही.

६. जॉइंट हाताने हलवून बघा. वळायची जागा संपलेला जॉइंट दगडासारखा लागतो. तिथे जोर लावलात तर ब्रॅकेटचा टॅक तुटेल, आणि तो इथे तुटला तर बरंच आहे.

या टप्प्यावर फार लोक चुकतात ते तिरक्या स्थितीच्या हिशोबात. शॉकअप एक्सलच्या टोकाला नसतात, आतल्या बाजूला असतात. समजा शॉकअप एकमेकांपासून १००० मिमीवर आहेत आणि चाकं १५०० मिमीवर. एक शॉकअप पूर्ण दबलेला आणि दुसरा पूर्ण उघडा असताना त्यांच्यातला फरक २४० मिमी असेल, तर चाकांमधला फरक ३६० मिमी होतो. प्रत्येक चाक शॉकअपच्या मर्यादेपेक्षा ६० मिमी पुढे गेलेलं असतं. सरळ वर-खाली करून बघताना हे कधीच दिसत नाही. टायर फेंडरला लागतं, होज ताणतो, ते या ६० मिमीत.

माझ्या स्वतःच्या गाडीत पुढच्या डाव्या होजचं असंच झालं. सरळ खाली नेलं तेव्हा होजला चांगला चार बोटं झोळ होता. तिरपं करून बघितलं तेव्हाही ठीक वाटलं. पण स्टिअरिंग मी सरळच ठेवलं होतं. पहिल्या रॅम्पवर, चाक खाली लटकलेलं आणि उजवीकडे वळलेलं असताना, होज वीणेच्या तारेसारखा ताणला आणि कॅलिपरवरच्या बोल्टजवळ ब्रेक ऑइलचा थेंब जमा झाला. थेंब पुसला, दोन मिनिटांनी पुन्हा आला. गाडी तिथून दोरीने ओढून आणली. तेव्हापासून होजची तपासणी मी फक्त पूर्ण तिरप्या एक्सलवर आणि पूर्ण वळलेल्या चाकांवर करतो, आणि दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करून नोंदी घ्यायला लावतो.

सावधान: एक्सल जॅकवर असताना एक्सलखाली हात किंवा पाय नको. वजन घोडीवर, हालचाल जॅकवर.

## टप्पा ६: पूर्ण वेल्डिंग

सगळं मोकळं फिरतंय याची खात्री झाली की बुश आणि जॉइंट काढा, नाहीतर रबर जळेल. एक्सलच्या नळीवर लांब वेल्ड एका दमात ओढू नका. २५-३० मिमीचे तुकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्या. नळी वाकली तर आतले शाफ्ट बेअरिंग खातात. डिफरन्शियलचं ओतीव घर असेल तर त्यावर वेल्ड करायचं काम आधी तापवून, योग्य रॉडने आणि जाणकाराकडूनच. चासीवर ब्रॅकेटखाली मोठा पत्रा घ्या म्हणजे जोर पसरेल, आणि त्या पत्र्याच्या कडा तिरप्या कापा. वेल्ड थंड झाल्यावर ग्राइंडरने गुळगुळीत करण्याचा मोह टाळा, त्याने ताकद जाते.

## टप्पा ७: बंप स्टॉप, पट्टे, मग शॉकअप

वर जाताना एक्सल बंप स्टॉपवर थांबला पाहिजे. शॉकअप आतून आपटणं, टायर फेंडरला लागणं किंवा स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकणं, यातलं काहीही त्याआधी घडता कामा नये. टायर कुठे लागतं ते तिरप्या स्थितीत बघा आणि त्याच्या आधी स्टॉप येईल असा ठेवा. रबर जोरात दबलं की अजून काही मिमी आत जातं, तेही मोजा.

आता शॉकअप. एक्सल स्टॉप दबलेल्या स्थितीत आणा आणि शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. मग जितका खाली जाऊ द्यायचा तितका खाली नेऊन पुन्हा मोजा. समजा ४२० आणि ६६० मिमी आलं. मग शॉकअप पूर्ण दबल्यावर ४०५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि पूर्ण उघडल्यावर ६७५ मिमीपेक्षा कमी नको. दोन्हीकडे १५ मिमी मोकळीक राहते. असा शॉकअप त्या जागेत मिळाला नाही तर वरचं माउंट उंच करा, किंवा स्टॉप खाली आणून थोडी हालचाल सोडा. १०-२० मिमी हालचाल गेली तर काही बिघडत नाही, शॉकअप आतून फुटला तर दिवस जातो.

एक्सल खाली जाताना शॉकअपने थांबू नये असं वाटत असेल, किंवा प्रोपेलर शाफ्ट खालच्या टोकाला अडत असेल, तर मर्यादा पट्टे लावा. ताण आल्यावर पट्टा थोडा लांबतो, तो हिशोबात धरा.

वर आणि खाली हालचाल किती ठेवायची? गाडी उभी असताना निम्मी वर, निम्मी खाली ही बरी सुरुवात. सगळी हालचाल खालीच ठेवली तर चाक लोंबतं खूप, पण त्यावर वजन नसतं आणि पकडही नसते. फोटो चांगला येतो, गाडी पुढे जात नाही.

## टप्पा ८: स्प्रिंग

स्प्रिंग मोकळी असतानाची लांबी आणि एक्सल पूर्ण खाली असताना बैठकींमधलं अंतर यांची तुलना करा. स्प्रिंग आखूड पडत असेल तर ती बैठकीत सैल होते आणि वर येताना तिरपी बसू शकते. तिला खालून क्लॅम्प करा किंवा बैठकीत शंकूच्या आकाराचा मार्गदर्शक बसवा. दुसरी तपासणी: स्टॉपवर असताना वेढ्यांमध्ये थोडी फट उरलीच पाहिजे.

जास्त ताठ स्प्रिंग टाकून गाडी उंच करण्याची सवय आर्टिक्युलेशनच्या मुळावर येते. नेहमीच्या सामानासह गाडी ठरलेल्या उंचीवर बसवणारी सर्वांत मऊ स्प्रिंग निवडा.

## टप्पा ९: होज, तारा आणि ब्रेकचा तोल

ब्रेकचे लांब होज प्रमाणित, तयारच घ्या. घरी जोडलेले नकोत. एबीएसच्या तारा, ब्रीदर, हँडब्रेकची केबल आणि डिफ-लॉकची वायरिंग किंवा नळी, या सगळ्यांना तिरप्या स्थितीत झोळ हवा आणि फिरत्या शाफ्टपासून अंतर हवं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला एक दांडा ब्रेकचा दाब वजनानुसार कमी-जास्त करतो. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. मग थांबायला अंतर जास्त लागतं आणि पुढचे पॅड लवकर संपतात. त्या दांड्याचं ब्रॅकेट जेवढी गाडी उचलली तेवढंच सरकवा.

अँटी-रोल बारच्या लिंकाही बघा. लांब शॉकअपमुळे एक्सल जास्त खाली गेला तर बार उलटा पलटून अडकू शकतो. तशी शक्यता दिसली तर लांब लिंका घ्या.

## टप्पा १०: बोल्ट कधी आणि कसा आवळायचा

रबरी बुश असलेले सगळे बोल्ट आधी फक्त हाताने. गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला, बॉडी दोन-तीन वेळा दाबा. आता गाडी स्वतःच्या वजनावर, नेहमीच्या उंचीवर उभी असताना टॉर्क रेंचने आवळा. एक्सल लोंबकळत असताना आवळले तर बुश त्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. काही आठवड्यांत रबर फाटतं, आणि लोक बुशच्या कंपनीला दोष देतात.

यानंतर एक्सल चासीच्या मध्यावर आहे का ते ओळंब्याने बघा आणि पॅनहार्डची लांबी त्याप्रमाणे करा. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर सारखं हवं. शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल तर गिअरबॉक्सकडचा आणि पिनियनकडचा कोन समान ठेवा. गिअरबॉक्सकडे दुहेरी क्रॉस असेल तर पिनियन शाफ्टच्या रेषेत ठेवा, उभ्या स्थितीत एक-दोन अंश खाली झुकलेलं, कारण जोर लागला की ते वर येतं. मग व्हील अलाइनमेंट.

## टप्पा ११: चाचणी

पहिली फेरी रिकाम्या जागेत, हळू. कडक ब्रेक लावून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. स्टिअरिंग सोडून बघा, सरळ जाते का. पुन्हा रॅम्पवर या, तोच २० अंश, टायरमध्ये तीच हवा, आणि पहिल्या टप्प्यातल्या वहीतला आकडा शेजारी ठेवा. चाक हवेत गेलं त्या क्षणी सगळीकडे टॉर्च मारा: होज, शाफ्ट, स्प्रिंगची बैठक, टायर आणि फेंडरमधली फट.

रस्त्यावर वेग हळूहळू वाढवा. ताशी ६०-७० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर स्टिअरिंग डॅम्पर बदलून तो थरकाप झाकू नका. पॅनहार्डचे बोल्ट, कॅस्टर आणि चाकांचं बॅलन्सिंग या क्रमाने तपासा.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि चेकनट पुन्हा आवळा, ५०० किलोमीटरनंतर परत. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट सरकला. तो फक्त आवळून पुढे जाऊ नका. काढा, भोक आणि बोल्टचा गुळगुळीत भाग बघा, आणि भोक मोठं झालं असेल तर ब्रॅकेट नवं करा.